चेहऱ्याचे कुलूप

१

सकवारबाईंनी शिवणवर्ग सोडला, ही बातमी सकवारबाईंना स्वतःच्या सत्कारातच कळली.

बंगळुरातल्या यशवंतपूरच्या मराठी मंडळाचा हॉल त्या रविवारी सकाळपासून भरला होता. बाहेर कुंपणाला नवाकोरा फ्लेक्स बांधला होता. त्यावर कार्यकारिणीतल्या झाडून सगळ्यांचे हसरे चेहरे होते आणि खालच्या कोपऱ्यात, आमटीच्या वाटीएवढ्या गोलात, सत्कारमूर्ती. येणारा प्रत्येक जण आधी आपला फोटो कुठे आहे ते पाहायचा आणि मगच चपला काढायचा.

मंडळाचे सेक्रेटरी सुब्बाराव यांनी सकवारबाईंच्या खांद्यावर शाल घातली, डोक्यावर म्हैसूर पेटा ठेवला आणि माईक हातात घेतला. सकवारबाईंना सगळे अक्काच म्हणत. जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत आज मशीनवर बसणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातात पहिली सुई अक्कांनी दिली, असे ते म्हणाले. आणि आता वयाचा मान राखून अक्कांनी स्वतःहून वर्ग बंद करायचे ठरवले आहे. वर्गाची आणि राहायची, अशा मागच्या दोन्ही खोल्या त्या मंडळाला परत देत आहेत. या मोठ्या मनाला टाळ्या झाल्याच पाहिजेत.

टाळ्या झाल्या. सगळे वाजवतात म्हणून अक्कांनीही वाजवल्या. मग त्यांचे हात मध्येच थांबले.

"कोण बंद करतंय वर्ग?" त्यांनी विचारले.

माईक त्यांच्यापाशी नव्हता, म्हणून ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू आले. पहिल्या रांगेत उमाकांतराव बसले होते.

जेवणाची पाने मांडली जात होती तेवढ्यात चार-पाच माणसे मागच्या खोलीत जमली. सुब्बारावांनी आपला फोन पुढे केला. शुक्रवारी दुपारी अक्कांच्या फोनवरून त्यांना निरोप आला होता: "माझी तब्येत बरी नसते. हल्ली मला काही आठवत नाही. शिवणवर्ग बंद करावा. खोल्या मंडळाने घ्याव्यात." अक्कांच्या स्वतःच्या फोनमध्येही तो निरोप होता, पाठवणाऱ्याच्या बाजूला.

"मी नाही लिहिलं हे," अक्का म्हणाल्या.

त्यांचा मुलगा संतोष शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून सकाळीच आला होता. तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने आईचा फोन हातात घेतला. गुरुवारीच उमाकांतकाकांनी याला कुलूप घालून दिले आहे, असे त्याने सगळ्यांना सांगितले. मग आपली जन्मतारीख दाबून पाहिली, आईची दाबून पाहिली. फोन उघडला नाही. त्याने फोन सुब्बारावांच्या तोंडासमोर धरला, वर्गात मदत करणाऱ्या प्रेमाच्या समोर धरला, उमाकांतरावांच्या समोर धरला. फोन ढिम्म. शेवटी अक्कांनी सवयीने चष्मा काढला, फोनकडे पाहिले, आणि तो उघडला.

"पाहिलंत?" संतोष हळू आवाजात म्हणाला. "आई, तुझ्याशिवाय हा कोणालाच उघडत नाही."

पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, असे संतोषने सांगितले. मधल्या दिवसांत एका डॉक्टरची वेळही घेतो म्हणाला. माणसे एकेक करून जेवायला गेली.

अक्कांनी डोक्यावरचा पेटा उतरवून शिलाई मशीनवर ठेवला.

"उमाकांतराव," त्या म्हणाल्या, "मीच लिहून विसरले असेन का हो?"

२

उमाकांतराव एका सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगे करून निवृत्त झालेले. माणूस पुस्तकातला. चारचौघांत बोलायची वेळ आली की वाक्य मनात तीनदा जुळवायचे आणि तोवर विषय बदललेला असायचा. आपले म्हणणे बरोबर असेल याची त्यांना कधीच खात्री नसे. गुरुवारी मात्र त्यांनी एक गोष्ट खात्रीने केली होती, आणि तीच आता अंगाशी आली होती.

अक्कांचा फोन आणि त्यांचा फोन जुळे भाऊ होते. दसऱ्याच्या ऑफरमध्ये त्यांच्या बायकोने, सुलभाबाईंनी, एकाच दुकानातून दोन्ही घेतले होते, सगळ्यांत स्वस्त. इतक्या स्वस्त फोनला कुलूप कशाला, यात चोरण्यासारखे आहे काय, असे अक्का म्हणत. फोन स्वस्त असला तरी आतले तुमचे नाव स्वस्त नाही, हे उमाकांतरावांनी त्यांना पटवले. बोटाचा ठसा फोनने घेतलाच नाही. जन्मभर सुई धरून अक्कांच्या बोटांची टोके गुळगुळीत झाली होती. म्हणून चेहरा नोंदवला. ट्यूबलाइट चष्म्याच्या काचेवर चमकत होती, म्हणून चष्मा काढायला लावला. शिवाय एक नंबर ठेवला. तो अक्कांनी कोणालाच सांगितला नव्हता, उमाकांतरावांनाही नाही.

कुलूप नसते तर दहा जणांवर संशय घेता आला असता. कुलूप होते, म्हणून एकट्या अक्काच उरल्या.

सोमवारी सकाळी ते मंडळात गेले, तेव्हा अक्का गॅसच्या शेगडीपाशी उभ्या होत्या. बटण बंद होते. त्यांनी ते चालू करून पुन्हा बंद केले, बाहेर आल्या, आणि बोलता बोलता पुन्हा आत जाऊन पाहून आल्या. एका रात्रीत बाईची चाल बदलली होती. ते पाहून उमाकांतरावांच्या मनात जे काही डळमळत होते ते जागच्या जागी बसले. टेम्पो यायच्या आत याचा छडा लावायचा. चुकलो तर चुकलो.

"शुक्रवारचं सांगा अक्का. जेवल्यापासून."

अक्कांनी सांगितले, पण प्रत्येक वाक्याला 'बहुतेक' जोडून. जेवण झाले, त्या आतल्या खोलीत आडव्या झाल्या. फोन पिशवीत होता, पिशवी वर्गातल्या खुंटीला. प्रेमाने चहाला हाक मारली तेव्हा जाग आली. निरोप गेला तो नेमका त्या झोपेच्या वेळेत.

"झोपेत उठून लिहितात का हो माणसं?" त्यांनी विचारले. "आमच्या सासूबाई झोपेत भाकरी थापायच्या म्हणे."

"भाकरी थापता येते. नंबर दाबता येत नाही," उमाकांतराव म्हणाले. हे खरे की खोटे ते त्यांना ठाऊक नव्हते, पण अक्का जराशा हसल्या.

प्रेमा वर्गात साडीला फॉल लावत बसली होती. अक्कांचीच जुनी विद्यार्थिनी. आता त्यांचा उजवा हात. शुक्रवारी दुपारभर आपण इथून हललो नाही, असे ती म्हणाली. कोणी आले नाही, गेले नाही, पिशवीला कोणी हात लावला नाही. हे सांगताना ती सुई ओवत होती आणि दोरा काही सुईच्या नेढ्यात जात नव्हता. ती म्हणते ते खरे असेल, तर पिशवीजवळ दोनच माणसे होती: एक झोपलेली आणि एक ही.

उमाकांतराव चपला घालत होते, तेवढ्यात एक बाई मापाचे ब्लाउज घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "प्रेमक्का, आज तरी आहात ना? शुक्रवारी दुपारी आले तर वर्गात चिटपाखरू नव्हतं."

३

प्रेमाने फॉल खाली ठेवला आणि उमाकांतरावांना अंगणात घेऊन आली. पीण्यात एका कपडे शिवायच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली होती. शुक्रवारी तिची मुलाखत होती.

"अक्कांना कसं सांगू सर? त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. माझ्या अंगठ्याला सुई टोचली की त्या फुंकर घालायच्या. आणि मी त्यांना सोडून चालले." ती नजर खाली घालून म्हणाली. "चहाच्या वेळेला परत आले. जाताना अक्का झोपल्या होत्या. पुढचं दार नेहमीसारखं उघडंच होतं."

ती खोटे बोलली ते लाजेपोटी, हे उमाकांतरावांना लाजेचा जन्मभराचा अनुभव असल्यामुळे लगेच कळले. पण त्यामुळे पेच सुटला नाही, उलट वाढला. आता ती दुपार सताड उघडी पडली होती. कोणीही आत येऊ शकत होते. पण आलेल्या माणसाने फोन उघडला कसा?

याचे उत्तर देणारा एकच माणूस त्यांच्या ओळखीत होता. बुधवारी ते दोन बस बदलून मारतहळ्ळीला गेले.

संतोषने त्यांचे मनापासून स्वागत केले. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्यात आईसाठी खोली तयार. न्हाणीघरात धरायला स्टीलचे दांडे बसवले होते, जमिनीवर घसरू नये म्हणून रबरी चटया होत्या, खिडकीशी एक छोटे विजेचे शिलाई मशीन होते. ते सगळे पाहून उमाकांतरावांना स्वतःचीच शरम वाटली. एवढा जीव लावणाऱ्या मुलाच्या घरी आपण कसले प्रश्न घेऊन आलो?

"काका, मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला होता, माहितीये ना?" संतोष म्हणाला. "मंडळाला काय, तिचा चेहरा दरवाजाएवढा छापला की झालं. तिच्या गुडघ्यांना कोणी विचारलं? उद्या ती पडली तर सुब्बाराव येणार आहेत का उचलायला?"

उमाकांतरावांनी मान डोलावली. मग वाक्य मनात जुळवून विचारले, शुक्रवारी तू तिकडे गेला नव्हतास ना? संतोष म्हणाला, दिवसभर ऑफिसात मीटिंगा होत्या, रविवारीच काय तो आलो. फोनबद्दल विचारल्यावर मात्र तो मोकळेपणाने हसला. आपला फोन काढला, पाकिटातला स्वतःचा फोटो त्याच्यासमोर धरला. फोन उघडला नाही. भिंतीवरच्या लग्नाच्या मोठ्या फोटोसमोर धरला. तरी नाही.

"फोटो दाखवून कुलूप उघडायचे दिवस गेले काका. त्याला खोली कळते. नाक पुढे आहे, डोळे मागे आहेत, हे सगळं तो मोजतो. फोटो सपाट असतो."

परतीच्या बसमध्ये गर्दीत उभे राहून उमाकांतराव ते सगळे पुन्हा मनात घोळवत होते. सिल्क बोर्डच्या चौकात गाडी अडकली. समोरच्या माणसाच्या हातात संतोषसारखाच महागडा फोन होता, मागे तीन भिंगांचा. त्यांनी खिशातला आपला काढून पाहिला. पुढे एक बारीकसे भोक, बाकी काही नाही.

संतोषने दाखवले ते खरे होते. पण ते त्याच्या फोनचे खरे होते.

४

"अहो, तुम्ही झोपा," सुलभाबाई म्हणाल्या. "मी तुमच्या तोंडासमोर धरते."

उमाकांतराव भर सकाळी सोफ्यावर आडवे झाले आणि डोळे मिटले. बायकोने फोन धरला. उघडला नाही. तोंड वळवले, पापण्या किलकिल्या केल्या, घोरायचेही झाले. घोरण्याचा काय संबंध, असे सुलभाबाईंनी विचारले; उमाकांतरावांना सांगता आले नाही. पण एक नक्की झाले. झोपलेल्या माणसासमोर धरून हा फोन उघडत नाही. त्याला उघडे डोळे लागतात.

मग फोटो. पासपोर्टच्या फोटोला फोन दाद देईना. सुलभाबाईंच्या फोनवरचा फोटो दाखवला, तर काचेवर खिडकी चमकत राहिली. चार-पाचदा फसल्यावर फोन रुसला आणि नंबर मागू लागला; तो दाबून उमाकांतरावांनी त्याची समजूत काढली.

"मोठा फोटो हवा," उमाकांतराव म्हणाले. "काच नसलेला."

"आहे की."

"कुठे?"

"स्कूटरवर."

निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातल्या पोरांनी गेटवर उमाकांतरावांचा फ्लेक्स लावला होता. स्वतःचे एवढे मोठे तोंड पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले होते, आणि तो फ्लेक्स त्यांनी घरी आणून गुंडाळून टाकला होता. सुलभाबाई काही टाकून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पावसाळ्यात तो उलटा करून स्कूटरवर घातला, आणि तो आजतागायत तिथेच होता. दोघांनी खाली जाऊन फ्लेक्स सुलटा केला. धुळीखालून उमाकांतराव संकोचून हसत होते.

खऱ्या उमाकांतरावांनी फोन फ्लेक्सवरच्या उमाकांतरावांसमोर धरला. फोन उघडला.

पुन्हा बंद केला, पुन्हा धरला. पुन्हा उघडला. इतक्या भाबडेपणाने उघडला की त्यांना त्या फोनची दया आली. त्याला बिचाऱ्याला माणूस आणि माणसाचे चित्र यांतला फरक शिकवायला कोणी पैसेच खर्च केले नव्हते.

ते धावतच मंडळात गेले. अक्कांकडून फोन मागून घेतला आणि कुंपणावरच्या फ्लेक्ससमोर धरला. नाही उघडला. जवळ नेला, लांब नेला. वाटीएवढे तोंड, त्यावर फुलांची नक्षी चढलेली. फोनला त्यात अक्का काही सापडेनात. आत भिंतीवरचे फोटो होते, वर्गाच्या उद्घाटनाचे, बक्षीस समारंभाचे. त्या प्रत्येकात अक्कांच्या डोळ्यांवर चष्मा होता, आणि फोनला ठाऊक असलेल्या अक्का बिनचष्म्याच्या होत्या.

"चष्म्याशिवाय तुमचा फोटोच नाही का?" त्यांनी विचारले.

"हा फ्लेक्सवरचा तेवढा," अक्का म्हणाल्या. "प्रेमाने काढला. म्हटलं, स्वल्प तरुण दिसू दे."

म्हणजे चेहरा तोच होता, पण फ्लेक्स तो नव्हता. शिवाय हा फ्लेक्स रविवारी सकाळी लागला आणि निरोप गेला शुक्रवारी. उमाकांतराव कुंपणापाशी उभे राहिले. उत्तराच्या दारात येऊन दार बंद व्हावे तसे झाले. शेवटी त्यांनी अक्कांना नंबर दाबून रुसलेला फोन ताळ्यावर आणायला सांगितले, तो आजचा दिवस माझ्याकडे राहू द्या म्हणून विनंती केली आणि सुब्बारावांचे कापडाचे दुकान गाठायला चिक्कपेठेची बस धरली.

५

खोल्या रिकाम्या व्हायला हव्या होत्या त्या सुब्बारावांना, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक होते. एका कुरियर कंपनीला भाड्याने द्यायचा त्यांचा बेत होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. उमाकांतरावांनी प्रश्न विचारला आणि सुब्बाराव गादीवरून उठूनच उभे राहिले.

"मी पाठवला म्हणता? साहेब, खोल्या मला हव्यात, हे मी सभेत सगळ्यांसमोर बोललो. अक्कांच्या तोंडावर बोललो. त्यांनी मला कात्री दाखवली, तीही सगळ्यांसमोर. मला चोरून कशाला करायचं?"

निरोप आला तेव्हा ते याच गादीवर होते. एका लग्नाच्या साड्यांची खरेदी चालली होती, सगळे कुटुंब समोर बसले होते. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे होते. उमाकांतराव ओशाळले. जाता जाता, नुसते काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, की फ्लेक्सवर अक्कांचा फोटो एवढा लहान का छापला.

सुब्बारावांनी कपाळावर हात मारला.

"ती कथाच वेगळी. पहिला फ्लेक्स मी नुसता अक्कांचाच केला होता. एकच तोंड, हे एवढं. शुक्रवारी जेवणाच्या वेळेला प्रेसवाला महांतेश घेऊन आला. हॉलमध्ये जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर वर्गातल्या चार इस्त्र्या ठेवल्या, आणि आम्ही दोघं निघालो. संध्याकाळी कमिटी बघायला आली. झालं. आमचे फोटो कुठेत? आम्ही काय वर्गणी दिली नाही? अध्यक्ष तर न जेवता घरी जायला निघाले. मी तिथल्या तिथे तो गुंडाळला, आणि शनिवारी दुसरा छापून घेतला, सगळ्यांची थोबाडं घालून."

"अक्कांनी पाहिला होता तो पहिला?"

"छे. त्या आत झोपलेल्या. उठल्यावर त्या मागच्या दारी चहा घेत बसल्या, आणि मी तो गुपचूप उचलला. त्यांना वाईट वाटायला नको. कमिटी सोडून कोणी नाही पाहिला. वर्गात जायचं दार वेगळं, अंगणातून."

"आता कुठे आहे?"

सुब्बारावांनी वर बोट केले. माळ्यावर कापडाच्या गाठींवर धूळ बसू नये म्हणून फ्लेक्स पांघरला होता. दोघांनी तो खाली ओढला आणि दुकानाच्या फरशीवर पसरला. दारापासून गल्ल्यापर्यंत अक्का पसरल्या. बिनचष्म्याच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे टक्क उघडे. उमाकांतरावांनी खिशातून अक्कांचा फोन काढला. नीट धरायचीही गरज पडली नाही. हात खाली येता येताच तो उघडला.

सुब्बारावांनी वाकून आधी फोन पाहिला, मग फ्लेक्स.

कमिटी आली संध्याकाळी, निरोप गेला दुपारी. त्या मधल्या वेळात हॉलमध्ये कोणीतरी आले होते, आणि त्याने हा चेहरा पाहिला होता. उमाकांतरावांची नजर फ्लेक्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. एवढा मोठा. अगदी दरवाजाएवढा.

हा शब्द त्यांनी याच आठवड्यात कोणाच्या तरी तोंडून ऐकला होता, आणि कोणाच्या ते त्यांना लगेच आठवले. आठवले नसते तर बरे झाले असते, असेही वाटले.

६

रविवारी टेम्पो दारात उभा राहिला. संतोषने खोकी आत आणली, दोऱ्या आणल्या, भांडी गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रे आणली. अक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. त्यांच्या मांडीवर हात होते आणि हातांत काही नव्हते. त्यांना तसे बसलेले कोणी कधी पाहिले नव्हते.

सगळ्यांसमोर बोलायचे नाही, एवढे उमाकांतरावांनी ठरवले होते. पण अक्कांच्या पाठीमागेही नाही. बुद्धी अक्कांची चोरीला गेली होती; ती परत मिळताना त्यांनी पाहायला हवी होती. त्यांनी सुलभाबाईंना आणि प्रेमाला बाहेर थांबायला सांगितले आणि दार लोटले.

"संतोष, तू शुक्रवारी इथे आला होतास."

"काका, मी सांगितलं ना, ऑफिसात होतो."

"मग आईचा दरवाजाएवढा चेहरा तू कुठे पाहिलास?"

संतोषच्या हातातली दोरी थांबली. उमाकांतराव थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करणे त्यांना जमले नसते. कुंपणावरच्या फ्लेक्सवर अक्का वाटीएवढ्या आहेत, हे त्यांनी सांगितले. दरवाजाएवढ्या अक्का फक्त शुक्रवारी दुपारी या हॉलच्या जमिनीवर होत्या, आणि कमिटीने त्या पाहिल्या तोवर निरोप जाऊन पोचला होता. फोन नंबरने उघडला नाही, कारण नंबर कोणाला ठाऊक नाही. झोपलेल्या अक्कांसमोर धरूनही उघडला नाही, कारण त्याला उघडे डोळे लागतात. भिंतीवरच्या फोटोंनी उघडला नाही, कारण त्यांत चष्मा आहे. त्या पहिल्या फ्लेक्सने मात्र तो उघडतो. सुब्बाराव साक्षीला आहेत.

"आणि मला ते आधीच कळायला हवं होतं," ते म्हणाले. "ज्याला नुसत्या खोल्या हव्या होत्या, त्याला 'वर्ग बंद करा' एवढं पुरलं असतं. 'मला काही आठवत नाही' हे लिहायची गरज एकाच माणसाला होती. अक्कांना इथून न्यायचं होतं त्याला."

अक्का मुलाकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा टाका कुठे चुकला ते शोधताना असते तशी नजर होती.

संतोष एका रिकाम्या खोक्यावर बसला. पीण्यात एका गिऱ्हाईक कंपनीत काम होते, ते लवकर आटोपले, म्हणून आलो, असे तो म्हणाला. तुला समजवायला आलो होतो. तू झोपली होतीस. फोन घेतला तो नुसता पाहायला, काही झाले तर माझा नंबर पटकन सापडेल का ते. जन्मतारीख दाबली, उघडला नाही. फोन हातात घेऊन हॉलमध्ये त्या फ्लेक्सपाशी उभा होतो. तो आपोआप उघडला.

"मी लिहायचं ठरवून आलो नव्हतो आई. पण तू ऐकत नव्हतीस. पुढचं दार सताड उघडं, आत तू गाढ झोपलेली. कोणीही आत येऊ शकलं असतं."

"आलंच की," अक्का म्हणाल्या.

संतोषने मान खाली घातली.

"आठवडाभर मी गॅसपाशी जाऊन उभी राहत होते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "रोज फोन करून विचारायचास, आई गोळी घेतलीस का, आठवतंय का. मला वाटायचं, डोकं गेलं आपलं. हाताखालच्या पोरींना माप सांगायची भीती वाटायला लागली. तेव्हा एकदा तरी सांगावंसं नाही वाटलं तुला?"

"रोज वाटलं. पण सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसतेच आले."

उमाकांतरावांना तिथून निघून जावेसे वाटले, पण अक्कांनी हात पुढे केला. त्यांनी फोन त्या हातात दिला. अक्कांनी चष्मा नीट केला, नंबर दाबून फोन उघडला आणि एकेक अक्षर शोधत सुब्बारावांना लिहिले: "तो निरोप माझा नव्हता. वर्ग उद्यापासून नेहमीसारखा." पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवला. पाठवला.

लगेच सुब्बारावांचा फोन आला. खोल्यांचे पुन्हा पाहू, पण निरोप पाठवला कोणी ते तर सांगा, असे ते विचारत होते. आवाज एवढा मोठा की खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. संतोषने डोळे मिटले.

"कोणी पाठवला ते मला ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "तेवढं पुरे. सरी, बरं, ठेवते."

मग त्या उमाकांतरावांकडे वळल्या. हे चेहऱ्याचे कुलूप काढून टाका म्हणाल्या; ज्या कुलपाला मी आणि माझे चित्र सारखेच, ते काय कामाचे. नंबरच बरा. पण तोही आता नवा ठेवायचा. उमाकांतरावांनी दोन-तीन ठिकाणी बोट लावून फोन त्यांच्या हातात परत दिला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अक्का थांबल्या होत्या.

संतोषला कळायला क्षणभर लागला. तो खोक्यावरून उठला आणि त्यानेही भिंतीकडे तोंड केले.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. कोणी हलले नाही. त्यांच्या पाठीमागे अक्का एकेक आकडा दाबत होत्या, सावकाश, विचार करून.